अभिप्रायासाठी रवाना

झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला आणि तिच्या रागाचा बांध फुटला.

"या बालविकास खात्यात कागदसुद्धा सरळ बाहेर येत नाही!"

शेजारच्या माणसाने बाह्या सरसावल्या, झाकण उघडलं आणि चुरगळलेला कागद अलगद ओढून काढला. "एवढा राग कुणावर?"

"आहे तुमच्यातलाच एक दीडशहाणा! अकरा वर्षांच्या पोरीने बालगृहातून आम्हाला पत्र लिहिलं — धाकट्या बहिणीला दुसरीकडे टाकलंय, आम्हाला एकत्र ठेवा. आम्ही, बालहक्क लोकपाल कार्यालयाने, नाव झाकून ते इथे पाठवलं. आणि या शहाण्याने ते धाडलं कुणाकडे? तिथल्याच अधीक्षिकाबाईंकडे! अभिप्रायासाठी! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! बाईंनी अक्षर ओळखलं. पोरीचा बहिणीला होणारा फोन बंद."

त्याच्या हातातला कागद तसाच राहिला.

"तो दीडशहाणा... मीच. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच अभिप्राय मागवायचा, अशी पद्धत आहे. पत्र मी वाचलंच नाही. शिक्का मारला..."

त्यावर ती जे बोलली, ते ऐकून तीन खोल्यांतली माणसं दारात आली. तो मात्र खाली मान घालून उभा. शेवटी म्हणाला, "आता काय करू, ते सांगा."

"बहिणीच्या बदलीचा हुकूम काढा. आणि उत्तर त्या पोरीला द्या. आमच्याकडे उत्तर मुलालाच जातं, त्याला कळेल अशा शब्दांत."

चार दिवस तो मसुदे घेऊन तिच्या टेबलाशी येत राहिला.

"'सदर प्रकरणी अनवधानाने'?" तिने लाल रेघ ओढली. "अकरा वर्षांची आहे ती! चूक कुणी केली, ते लिहा."

"तुम्ही नेहमीच इतक्या चिडता?"

"रविवारी सुट्टी असते."

तो हसला. तिने ओठ घट्ट मिटले. ज्याची चौकशी, त्याच्याशी हसणंबोलणं तिच्या कार्यालयाच्या नियमात बसत नव्हतं. पण ओठ मिटता येतात, डोळ्यांना कडी कोण लावणार? मग तिला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागात तिने चौकशीच्या अहवालात त्याची चूक आणखी ठसठशीत लिहिली.

हुकूम निघाला. बालगृहात ती शेजारी उभी असताना त्याने पोरीसमोर उकिडवं बसून उत्तर वाचलं, "तुझं पत्र मी दुसऱ्यांना दाखवलं. चूक माझी. तू तक्रार केलीस ते बरोबर केलंस."

"तुम्हाला शिक्षा होणार?"

"होणार. या ताईंनी लिहिलंय तसं."

"बरं झालं," पोरगी म्हणाली. तेवढ्यात फाटकातून धाकटी आली... आणि पोरगी वाऱ्यासारखी सुटली. दोघी एकमेकींना अशा बिलगल्या, की कोणती वेणी कोणाची, कळेना.

बाहेर रस्त्यावर कडक ऊन होतं.

"अहवाल गेला?" त्याने विचारलं.

"सकाळीच. एक शब्द गाळला नाही. प्रकरणही बंद."

"म्हणजे आता मी तुमच्या चौकशीत नाही. मग एक सांगू? मला तुम्ही... फार आवडता."

तिचे डोळे भरले, आणि आवाज चढला. "महिनाभर ते लेकरू फोनजवळ बसून होतं! माझा राग अजून गेलेला नाही."

"जाऊ नका देऊ. त्याच्याशिवाय मी पुन्हा न वाचता शिक्का मारीन."

ती रागाने भराभरा चालत राहिली... आणि कोपऱ्यावर थांबून वळली.

"येताय ना? की त्यालाही कुणाचा अभिप्राय हवा?"