कवळीवाल्याचा पहिला राग

लिफ्ट तिसऱ्यांदा भरून वर गेली आणि ती अजून खालीच! रांगेत तिच्या पुढचा उंच माणूस दार उघडलं की बाजूला सरकायचा आणि येईल त्याला म्हणायचा, "तुम्ही जा आधी."

"अहो दानशूर," ती कडाडली, "जायचं नसेल तर घरी बसा. आमची वाट का अडवता?"

"सॉरी... तुम्ही जा आधी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा चार मजले जिन्याने चढून ती दवाखान्याच्या खोलीत शिरली, तर गोल टेबलाशी एकच खुर्ची रिकामी. आणि शेजारी... तोच!

मुळात तिला इथे यायचंच नव्हतं. नऊ वर्षं ती शाळेची बस चालवत होती, गाडीवर ओरखडा नाही. पण एका सकाळी एका मोटारवाल्याने गाडी आडवी घातली, वर शिवी हासडली. बस भर रस्त्यात सोडून ही उतरली, आणि त्याच्या गाडीचा आरसा उपटून त्याच्याच हातात दिला! तीस मुलं खिडकीला नाकं लावून बघत होती. मालकांनी बजावलं, "बारा गुरुवार उपचार घे, नाहीतर किल्ली ठेव."

आणि उपचार काय, तर खेळ! समुपदेशक ताई गोष्ट सांगणार: दलदल, पडका किल्ला, दरोडेखोर. टेबलाभोवतीच्या पाच पेशंटांनी एकेक सोंग घ्यायचं, ते काय करील ते बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा सांगणार.

"बाहेर जे धजत नाही, ते इथे करून बघा," ताई म्हणाल्या.

"मग मी वैदू," ती फणकारली. "भांडून भांडून वीट आलाय."

शेजारच्याने राक्षस निवडला. थोरल्या भावाच्या हाताखाली तो कवळ्या बनवायचा. कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. छाती धडधडायची, झोप उडाली होती, तपासण्यांत काही निघत नव्हतं.

"राक्षस? तुम्ही?"

"दात तरी बरे बनवता येतात मला."

हसू आलं म्हणून तिला आणखी राग आला.

राक्षसाला गुरगुरता येईना. शिंक येता येता राहावी तसा आवाज निघायचा.

"मांजर आहे का हे? पोटातून काढा. गुर्रर्र!"

"बापरे! ... गुरगुरताना तुमच्या गालाला खळी पडते."

"फाशाकडे बघा!" ती खेकसली. कान मात्र तापले.

बारा गुरुवार संपेपर्यंत बाहेर भेटायचं नाही, फोन करायचा नाही, असा नियम होता. तिला त्याचाही राग यायला लागला... आणि हा राग कसला, ते कळून आणखीच.

नवव्या गुरुवारी तर कहर झाला. सहा आठवडे झुंजून त्यांनी एक पूल जिंकला होता. दरोडेखोराने गोड बोलून तो मागितला आणि राक्षसाने देऊन टाकला!

"त्याने मागितला..." तो पुटपुटला.

"मागितला?" तिची खुर्ची मागे कोसळली. "सहा आठवडे मी तुमच्या जखमा बांधतेय! उद्या कुणी मला मागितलं, तरी असंच बाजूला सराल!"

तिने जीभ चावली, पिशवी उचलली. "मी परत येणार नाही."

ती दुसऱ्या मजल्यावर पोचली, तोच वरून आवाज आला.

"थांब!"

हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तो दोन-दोन पायऱ्या उतरत आला, लालबुंद.

"थांब म्हणतो ना! समजतेस काय स्वतःला? राग आला की दार आपटायचं आणि चालू पडायचं! नोकरी गेली तर? आणि मागे राहतो त्याने काय करायचं? गुरुवारची वाट बघत मी सहा दिवस दात घासतो, लोकांचे!"

वर येणारी नर्स भिंतीला चिकटून उभी राहिली.

"तुम्ही मला 'तू' म्हणालात," ती हळूच म्हणाली.

"म्हणालो! सॉ..."

"सॉरी म्हणालास तर याद राख."

आजवर सगळ्यांनी तिला 'शांत हो' म्हणत दाराबाहेर काढलं होतं. तिने जाऊ नये म्हणून कुणी भांडलं नव्हतं. ती मुकाट्याने जिना चढून परत गेली.

पुढच्या गुरुवारी राक्षसाने पूल परत मागितला. फासा पडला तीनवर. फसलं! पण त्याने गुरगुरून पुन्हा मागितला. दुसऱ्या दिवशी भावाने रविवारचं काम गळ्यात घातलं, तेव्हा त्यालाही नाही म्हणाला. भावाने अबोला धरला. याला मात्र गाढ झोप लागली.

बारावा गुरुवार संपला. फाटकापाशी तो म्हणाला, "मला तू आवडतेस. तुझा राग नाही आवडत. तू माणसांना तुडवतेस, मला भीती वाटते. तरी आवडतेस."

तिची कानशिलं पेटली. "प्रेम व्यक्त करतोयस की तक्रार?"

"दोन्ही."

ती ताडताड निघाली. दहा पावलांवर थांबली. तो बोलला ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं होतं. ती वळून परत आली.

"एकदम गाय होईन, अशी आशा ठेवू नकोस. चिडले तर असंच तोंडावर सांगायचं."

"सांगेन."

"आणि... मलाही तू आवडतोस. जीव जळतो, इतका." तिने तळवा पुढे केला. "हात दे."

"इथे? सगळे बघतायत..."

"नाही म्हणायचंय?"

"नाही," तो म्हणाला, आणि तिचा हात घट्ट धरला.