रेग्युलेटरखालचा निळा रंग

मोबाइल खिशात घाला आधी. तो उजेड नकोय मला. चहा घ्या, आणि मध्ये तोंड घालायचं नाही. ही गोष्ट ऐकीव नाही. रमला गावच्या उस्ताद लझहर मेकॅनिकवर गुदरलेली आहे, आणि लझहर माझा सख्खा शेजारी.

चार वर्षांपूर्वीची रमजानची सत्ताविसावी रात्र. मशिदीतून लझहर घरी आला तर बायको दारातच उभी.

"अहो, गॅस संपला. गॅरेजमधला सिलिंडर आणा. आणि गप्पा हाणत बसू नका कुणाशी, सहरीचा स्वयंपाक व्हायचाय माझा."

"माझ्याशी कोण बोलतंय आता?" लझहर म्हणाला आणि निघाला.

तसं लोक बोलायचे, हाच मान खाली घालून सटकायचा. ज्याच्या थट्टेवर अख्खं केर्केना बेट हसायचं, तो माणूस! का, ते सांगतो.

आपला खारा वारा लोखंड कसं खातो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून लझहर दुरुस्तीला आलेल्या स्कूटरला होडीचा उरलेला निळा रंग फासायचा. जाड, दोन हात, तेही फुकट. लोक खूश. सरकारी दवाखान्यातली सुईण मबरूका, वनास कोळ्याची बायको, तिच्याही स्कूटरला त्याने फासला. बिचारी रात्री-अपरात्री बाळंतपणाला त्या स्कूटरवरून एकटी जायची. रंग दिल्यावर तिची लाइट मंद व्हायला लागली. ती लझहरकडे आली. या पठ्ठ्याने मीटर खुंटीवरून काढलासुद्धा नाही.

"बॅटरी गेली. नवी टाक."

वनासने स्फाक्सच्या बाजारातून नवी आणली, जरा स्वस्तातली. पुन्हा तेच रडगाणं. ती परत आली.

"उस्ताद, जरा नीट बघता का?"

गॅरेजमध्ये चारचौघं बसलेले. लझहरला चेव चढला. "बघायचंय काय त्यात? तुझा नवरा एक नंबरचा कंजूष! बॅटरी नाही, खेळणं आणलंय त्याने."

सगळे खो खो हसले. तीही हसली, आणि गेली.

त्याच आठवड्यात कंताराच्या बांधावर, जिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे, तिथे तिची लाइट विझली. सकाळी कोळ्यांना सापडली ती.

स्कूटर पाण्यातून ओढून काढली तेव्हा लझहर तिथेच होता. त्याने वाकून पाहिलं आणि त्याला कळलं. रेग्युलेटर असतो ना, इंजिन चालताना कॉइलमध्ये बनलेला करंट बॅटरीत भरणारी ती डबी, तो सांगाड्याला बोल्टने बसवतात. लोखंडाला लोखंड टेकलं तरच त्याला अर्थिंग मिळतं. इथे मध्ये याचा रंग! बॅटरी कितीही महागाची आणा, भरणार कुठून? तेवढ्यात वनास जवळ आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"उस्ताद, बॅटरीच होती ना? मी आणलेली?"

आणि लझहर... हो म्हणाला. माणसं उभी होती भोवती. हो म्हणाला!

वनासने मग होडीच सोडली. ती मेली बॅटरी उशाशी घेऊन झोपायचा. "मी मारली तिला," एवढंच बोलायचा. आणि लझहर मूग गिळून गप्प. लाज वाटायची त्याला, पण तोंड उघडेना.

तर त्या रात्री. गॅरेजचा बल्ब उडालेला. टॉर्च घेऊन आत शिरला, सिलिंडरला हात घातला. एवढ्यात बाहेर चाकं वाजली. कुणीतरी स्कूटर ढकलत आणली होती.

"उस्ताद, लाइट मंद होतेय. जरा बघता?"

बाईमाणूस. अंधारात उभी. सणाला आलेली कुणी पाहुणी असेल, असं लझहरला वाटलं. नाही म्हणणार होता. पण मबरूका गेल्यापासून मीटर लावल्याशिवाय तो कुणाला परत पाठवत नव्हता.

"आणा आत."

टॉर्च तोंडात धरून बसला. किक मारली. बॅटरीला मीटर लावला. काटा बारावर. ॲक्सिलरेटर पिळला. काटा हलेना, म्हणजे बॅटरी भरत नव्हती. कॉइलची वायर सोडून पाहिली. करंट येत होता. म्हणजे कॉइल धडधाकट. वायर परत जोडली. मग वायरचा एक तुकडा घेतला. एक टोक रेग्युलेटरच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या मायनसला.

काटा टुणकन चौदावर.

म्हणजे रेग्युलेटरला अर्थिंगच नव्हतं.

त्याने टॉर्च खाली वळवला. बोल्टखाली रंग होता.

निळा.

जाड... दोन हात.

टॉर्च तोंडातून पडला. इंजिन धडधडत होतं. बाई जवळच होती. त्याने मान वर केली नाही. करवेना.

"बॅटरी गेलीय का, उस्ताद?"

"नाही."

"मग?"

भीती वाटली नाही, असं लझहर मला शपथेवर सांगतो. लाज वाटली. भर बाजारात कुणी अंगावरचे कपडे ओढून घ्यावेत, तशी.

"रंग... माझा रंग. चूक माझी आहे, बाई. तुझ्या नवऱ्याची नाही."

ती म्हणाली,

"हे मला कशाला सांगता?"

त्याने कानस उचलली. बोल्ट सैल केला. रंग खरवडला. खरवडत राहिला. लोखंड लागलं. बोल्ट आवळला.

स्कूटरच्या लाइटने समोरची भिंत पांढरीफटक उजळली.

मग अंधार, टॉर्चही विझलेला. इंजिन बंद. त्याने हात पुढे केला... नुसती जमीन.

सिलिंडर तिथेच टाकून लझहर धावत सुटला. वनास ओट्यावर जागाच बसला होता. लझहरने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रंग, मीटर, हसणारी माणसं, बांधावरचं ते 'हो'. काहीच लपवलं नाही.

वाटलं, वनास आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लझहर म्हणतो.

"तिच्या चाळिसाव्याला माझ्या घरी जेवलास तू," वनास म्हणाला. "माझ्या शेजारी बसून."

वनास उठला, किल्ली घेतली आणि पडवीचं कुलूप काढलं. तिची स्कूटर आणली त्या दिवसापासून ते लागलेलंच होतं. ताडपत्रीवर धूळ होती, कुणाचं बोटही उमटलं नव्हतं. वनासने ती ओढून काढली. रेग्युलेटरखालचा रंग खरवडलेला होता. ताजा. कानशीचे ओरखडे दिसत होते.

वनासने ती बॅटरी त्याच पहाटे समुद्रात नेऊन टाकली, आणि ईदनंतर होडी पाण्यात लोटली. लझहरशी मात्र आजवर बोललेला नाही. लझहर दर शुक्रवारी त्याच्या पडवीत जातो, स्कूटरपाशी वाकतो आणि मान खाली घालून परत येतो.

काय रे, हसतोस काय? वनासनेच खरवडलं असेल म्हणतोस? म्हण बापडा. पण आपल्या हवेत उघडं लोखंड दोन दिवसांत तांबारतं. उद्या उजेडी जा आणि बघून ये. चार वर्षं झाली, ती तेवढी जागा अजून लखलखीत आहे.