चौथ्या तांब्यातली सुपारी

शनिवारी दुपारी, उन्हं जरा कलल्यावर, देवव्रत घराबाहेर पडला तो खिशात एक सोललेली सुपारी टाकून. श्रीवर्धनात कुणाच्या खिशात सुपारी सापडली तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोफळीच्या वाड्यांचं गाव ते. मोसमात अंगणं, गच्च्या, सगळं सुपारीनं भरलेलं असतं. पण देवव्रतच्या खिशातली सुपारी खाण्यासाठी नव्हती. ते त्याचं मत होतं, आणि ते एका जर्मन संगीतकाराच्या सिम्फनीला पडायचं होतं.

हसायचं तर हसून घ्या. गावातले लोकही आधी हसलेच होते. शाळेतून निवृत्त झालेल्या माधवनं आपल्या ओटीवर रेकॉर्ड ऐकायचं मंडळ काढलं, तेव्हा 'मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला' असंच सगळे म्हणाले. मग एकेक जण चहाच्या निमित्तानं येऊ लागला आणि बसू लागला. वाडीवाले आले, शाळेतल्या दोन बाई आल्या. पेणकडचा दिनानाथ, ज्याचे ट्रक इथली सुपारी भरून न्यायचे, तोही शनिवार साधून मुक्कामाला राहू लागला. दर वर्षी एक संगीतकार धरायचा, त्याच्या सगळ्या सिम्फनी, म्हणजे पुऱ्या वाद्यवृंदासाठीच्या तीन-चार भागांच्या लांब रचना, ऐकायच्या आणि शेवटी पसंती करायची. सिम्फनीगणिक एक पितळी तांब्या मांडायचा. प्रत्येकानं मूठ आत घालून आपली सुपारी एकात सोडायची. कुणाची कशात पडली ते कुणाला कळत नाही, त्यामुळे कुणाला कुणापुढे लाजायला नको. जिंकेल ती सिम्फनी त्याच संध्याकाळी सर्वांनी बसून पुरी ऐकायची.

ज्याला येता येत नसे तो दुसऱ्याच्या हाती सुपारी पाठवायचा. पूजेला बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. सुपारी आली म्हणजे माणूस आला, असं मंडळात धरत. आणि आणणाऱ्यानं ती सांगितलेल्या तांब्यातच सोडायची. हा नियम कुणी कधी बोलूनही दाखवला नव्हता, कारण तो मोडेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

यंदा ब्राम्स होता. त्याच्या सिम्फनी चारच, म्हणून तांबेही चार. देवव्रतचा कौल चौथीला होता आणि तो सगळ्या गावाला ठाऊक होता. मुंबईत विम्याच्या कचेरीत नोकरी करताना त्याला फुकटच्या पासावर कधीमधी मोठ्या सभागृहात वाद्यवृंद ऐकायला मिळाला होता. तेवढ्या भांडवलावर तो इथे जाणकार ठरला होता. खरं सांगायचं तर त्याची बहुतेक मतं रात्री मोबाइलवर वाचलेली असत. "पहिलीत नुसते नगारे, दुसरी गोड, तिसरी हळव्या लोकांसाठी. ज्याला कळतं तो चौथीच म्हणणार," हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याच्या स्वतःच्या कानाला काय आवडतं हे तपासायची त्याला सवडच मिळाली नव्हती. आणि गेल्या शनिवारी दिनानाथ सहज बोलून गेला, "आपल्याला तर बाबा तिसरीच आवडली. काळजात जाते." त्यावर चार माना हलल्या. तेव्हापासून देवव्रतला धड झोप नव्हती. तिसरी जिंकली तर आपली काय पत राहिली, हा एकच विचार त्याला कुरतडत होता.

माधवच्या वाडीतून जाणारी पाखाडी, ती दगडी पायवाट, भर दुपारीही काळोखी. वर पोफळींचे शेंडे एकमेकांत मिसळलेले, खाली पाटाचं पाणी, आणि कुजत पडलेल्या सालांचा आंबूस वास. समुद्र पलीकडेच होता, पण आत त्याची नुसती घरघर यायची. देवव्रत झपझप चालत ओटीवर पोचला. मंडळी जमली होती. दारात कुमुद, माधवची बायको, उभी होती.

"भावोजी, आधी आत जाऊन या. मघापासून तुमचीच वाट बघतायत."

माधव महिनाभर अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी मुंबईहून परत पाठवलं होतं, त्याचा अर्थ सगळ्यांना समजला होता. मधल्या खोलीत, वाडीकडच्या खिडकीखाली त्याची खाट होती. देवव्रत टेकला तसा माधवनं उशीखालून सुपारी काढली आणि त्याच्या तळव्यावर ठेवली. सुपारी ओलसर, गरम होती.

"देवा... माझी तिसरीत टाक."

"तिसरीत?"

"हं. एकदा ऐकायचीय."

"मग उद्या लावू की तुला. त्यात काय!"

"एकट्यानं नको. ओटीवर सगळे बसलेत, ती चाललीय... आणि मी इथून ऐकतोय. असं." तो थांबून श्वास घेत होता. "पुढचा शनिवार काय मी बघत नाही."

"टाकतो रे. काळजी करू नकोस."

माधव त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्यानं डोळे मिटले.

ओटीवर तांबे मांडलेले होते. देवव्रतनं आधी आपली सुपारी चौथीत सोडली. मग माधवची मुठीत धरून हात तिसऱ्या तांब्याकडे नेला. तिथे त्याचा हात थांबला. एका मतानं काय होणार आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. आजारी माणसाला काय, कुठलीही लागली तरी गोडच वाटणार, असंही सांगितलं. आणि मूठ चौथ्या तांब्यात घालून सोडली. टण्ण आवाज झाला. कुणी बघितलंही नाही.

दिनानाथनं सुपात एकेक तांबा उपडा केला. तिसरी आणि चौथी अगदी अटीतटीला आल्या, आणि एका सुपारीनं चौथी जिंकली. देवव्रतनं हिशेब मनातल्या मनात केला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती एक सुपारी कुणाची होती हे तिथे त्याला एकट्यालाच माहीत होतं. "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" असं तो म्हणाला खरा, पण सुपाकडे न बघता.

रेकॉर्ड लागली. चौथीची सुरुवात त्याला पाठ होती. व्हायोलिनं खाली येतात, वर जातात, झोपाळ्यासारखी. तशीच ती आली. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. आत अंधारू लागलं होतं, कुमुदचा नुसता पाठमोरा आकार दिसत होता.

थोड्या वेळानं देवव्रतला व्हायोलिनांच्या खालून दुसरंच काही ऐकू आलं. शेजारच्या घरी रेडिओ चालू असावा तसं, अस्पष्ट. त्यानं मान वळवून कानोसा घेतला. आवाज आतून येत होता, मधल्या खोलीतून. चेलोची, त्या खर्जातल्या थोरल्या व्हायोलिनाची, एक सावकाश धून. चढता चढता मागे फिरणारी. तिसरीतली.

आत कोण लावेल? एकच तर यंत्र घरात, आणि ते समोर फिरतंय.

त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे शांत बसले होते. दिनानाथ डोळे मिटून बोटानं मांडीवर ताल धरत होता, आणि तो ताल चौथीचा होता. हळूहळू व्हायोलिनं मागे सरली, मग उरलीच नाहीत. चेलो तेवढा जवळ येत गेला. दारातून ओटीवर आला. पाठीमागून आला. देवव्रतच्या मानेवर सालांचा तो आंबूस वास आला आणि धून त्याच्या उजव्या कानाशी येऊन थांबली. तिथेच वाजत राहिली.

"बंद करा!" तो ओरडला. "ही... ही तिसरी आहे! कुणी बदलली?"

सगळ्यांनी दचकून पाहिलं. तबकडी फिरतच होती.

"भाव, चौथीच हाय ना," दिनानाथ गोंधळून म्हणाला. त्यानं वाकून फिरत्या तबकडीवरचा आकडा बघितला, मग कव्हर उचलून दाखवलं. "ह्ये बघा. तुमीच तर शिकवलं व्हतं आमाला, ती झोक्यागत येते म्हणून. येतेय की."

शाळेतल्या बाईंनी नजर खाली घातली. ज्यानं वर्षभर सगळ्यांना शिकवलं, त्याला तिसरी कुठली आणि चौथी कुठली हे कळू नये! देवव्रतला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आणि कानाशी ती धून, जराही न घाबरता, चालूच होती.

तेवढ्यात कुमुद दारात आली. तिनं चौकट धरली होती.

"थांबवा ते... हे गेले." मग म्हणाली, "केव्हाच गेले असावेत. मला वाटलं, डोळे मिटून ऐकतायत."

यानंतर जे झालं ते देवव्रतला सर्वांत जड गेलं. लोकांनी त्याच्या ओरडण्याचा भलताच अर्थ लावला. मित्राचा प्राण गेला ते ह्याला आधी जाणवलं, काय ती मैत्री, असं गावभर झालं. मंडळाच्या ग्रुपवर कुणी तसं लिहिलं, त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. स्मशानात दिनानाथनं त्याला मिठी मारली. देवव्रत खाली मान घालून सगळं घेत राहिला. नको म्हणायला तोंड कुठलं?

धून मात्र गेली नाही. घरी त्यानं पहिली लावली, तिसरीतली धून ऐकू आली. दुसराच संगीतकार लावला, तीच आली. मग आपली गाणीही गेली. देवळातल्या आरतीत टाळ हलताना दिसायचे आणि ऐकू यायचा चेलो. कुणाच्या मोबाइलची रिंग वाजली तरी तोच. माणसांचं बोलणं तेवढं धड ऐकू येई, सूर म्हणून जे काही होतं ते सगळं त्या एका धुनेनं गिळलं. शिवाय ती पुरी होत नसे. शेवटाशी आली की मागे फिरे आणि पुन्हा सुरू होई. एकदा मंडळातल्या कुणी नवी रेकॉर्ड ऐकवून त्याचं मत विचारलं. देवव्रतनं चेहरा गंभीर करून मान डोलावली आणि म्हणाला, "वादन स्वच्छ आहे." समोरच्यानं ते मोठ्या आदरानं ऐकून घेतलं. त्या दिवशी घरी येऊन तो बायकोच्या नकळत न्हाणीघरात बसून रडला.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी तो कुमुदकडे गेला. ती ओटीवर एकटीच अडकित्ता घेऊन बसली होती. तिनं पाणी दिलं, इकडचं तिकडचं विचारलं. देवव्रतला ते सोसेना.

"वहिनी, माधवनं मला सुपारी दिली होती. तिसरीसाठी." त्याला मान वर करवत नव्हती. "मी ती चौथीत टाकली. माझं खरं व्हावं म्हणून. त्याला शेवटचं जे ऐकायचं होतं ते मी... मी चोरलं. मला लाज वाटते, वहिनी. आरशात बघवत नाही."

अडकित्त्याचा आवाज थांबला.

"ठाऊक होतं मला," कुमुद म्हणाली.

"काय?"

"तुम्ही खोलीतून बाहेर गेलात ना, तेव्हाच हे म्हणाले. देवाच्या हातात दिलीय, म्हणजे ती चौथीतच पडणार."

"मग... मग मला दिली कशाला? दिनानाथ होता, तुम्ही होतात..."

"मीही तेच विचारलं. तर हसले." तिनं पदरानं हात पुसले. "म्हणाले, पडू दे. बाकीच्यांना चौथी ऐकू दे. आम्ही दोघं, मी आणि देवा, तिसरी ऐकू."

देवव्रतचा हात उजव्या कानाकडे गेला. कानाशी ती धून वाजतच होती, अगदी जवळ, कुणी शेजारी बसून ऐकवावी तशी.

"तुम्ही मनातलं बोललात, बरं झालं," कुमुद उठत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. "आता लावू या आपण तिसरी. त्यांच्या नावानं. नीट, शेवटपर्यंत."

तिनं रेकॉर्ड काढली, फुंकर मारून यंत्रावर ठेवली, सुई टेकवली. तबकडी फिरू लागली.

आणि देवव्रतच्या कानातली धून थांबली.

एकदम, सगळंच थांबलं. त्यानं सुटकेचा श्वास घेतला आणि ऐकू लागला. ऐकायला काही नव्हतं. सुई चालत होती, कुमुद भिंतीला टेकून बसली होती. तिची मान हळूच डुलत होती, थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे वाजत होतं. पाटाचं पाणी त्याला ऐकू येत होतं, समुद्राची घरघर येत होती. फक्त तिसरी येत नव्हती. पहिला भाग गेला असावा, दुसराही गेला असावा. तो ओठ गच्च मिटून, हात मांडीवर ठेवून, ऐकत असल्यासारखा बसून राहिला. आता काय झालं ते सांगायचीही त्याला लाज वाटली.

कुमुदनं डोळे न उघडता हलकेच हात वर केला.

"भावोजी, गुणगुणू नका ना. ऐकू द्या मला."