रविवारची सूचना

“दुरुस्ती केलीय! समोर दिसतेय! आणि हा मठ्ठ म्हणतो, काही बदललंच नाही!”

नेलिदाने टेबलावर मूठ आपटली. माँतेव्हिदेओ बंदराच्या हवामान कार्यालयातली ती एकमेव प्रोग्रामर. खोलीतलं युनिक्स मशीन म्हातारं, त्यावर ती नवा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, कंपाइल करत होती; तिच्या भाषेत ‘बांधत’ होती. जुन्या एडिटरात चार ओळींची सूचना लिहायची तरी घाम फुटे.

दारात तपास अधिकारी इर्मा लाकावा उभी होती. तिला एडिटरशी कर्तव्य नव्हतं. सोमवारी रात्रीच्या वादळात तीन कोळी बुडाले होते. बंदराला सूचनाच गेली नव्हती. आज बुधवार, आणि दोष द्यायला एक गरीब माणूस सापडला होता: वायरलेसवाला तेहेरा.

तेहेरा कोपऱ्यात थर्मास घेऊन बसला होता. त्याने माते-चहाचा पेला भरून कार्यालयप्रमुख ओलास्कोआगांपुढे धरला.

“तुझ्या हातचा? नको. तीन जीव घेतलेस तू.”

“साहेब, सूचना आलीच नाही मला! त्यातला एक माझ्या बहिणीचा नवरा होता. मी गप्प बसलो असतो?”

“झोपला असशील.” ओलास्कोआगा इर्माकडे वळले. “मी रविवारी संध्याकाळी सूचना लिहून मशीनमध्ये ठेवली. फाइलवर तारीख आहे. माणूस खोटं बोलेल बाई, मशीन नाही.”

इर्माने फाइल पाहिली. रविवार, संध्याकाळ. तेहेराचा तुरुंग ठरल्यातच जमा होता. तिला चीड आली ती स्वतःची. सकाळी ओलास्कोआगांना फोन करून ‘दुपारी फाइल बघायला येते’ असं सांगायचं काय अडलं होतं?

मागे नेलिदाची आदळआपट चालूच होती.

“झालंय तरी काय?” इर्माने विचारलं.

“सकाळी एडिटर बांधला. सुरू केला की कोसळतो. त्याला हवी ती सोय या जुन्या युनिक्समध्ये नाहीच. तेहेरांनीही पाहिलं.”

“तीनदा कोसळला,” तेहेरा म्हणाला.

“मग जेवणाच्या सुट्टीत मी एडिटरच्या कोडची फाइल दुरुस्त केली. आता बांधणाऱ्या प्रोग्रामला पुन्हा बांधायला सांगते, तर म्हणतो, सगळं ताजं आहे, काम नाही!”

“काम आहे की नाही हे तो ठरवतो कशावरून?”

“तारखांवरून. माझी फाइल बांधलेल्या तुकड्यापेक्षा नवी असेल तरच पुन्हा बांधतो. पुन्हा एकदा सेव्ह करते, म्हणजे…”

“हात लावू नका!”

नेलिदाचा हात हवेतच राहिला.

“त्या फाइलची तारीख दाखवा.”

पडद्यावर ओळ उमटली. रविवार, संध्याकाळ. साहेबांच्या सूचनेनंतर काही मिनिटांनी.

“रविवारी मी इथे नव्हतेच!” नेलिदा म्हणाली.

“जेवायला तुम्ही बाहेर जाता?”

“रोज जाते. आज या कटकटीपायी मागच्या खोलीत, याच मशीनला जोडलेल्या टर्मिनलवर बसले.”

“मशीनचं घड्याळ कोण बदलू शकतं?”

“मुख्य पासवर्ड ज्याच्याकडे असेल तो. मला मिळालेला नाही. म्हणून तर हा एडिटर मशीनमधल्या माझ्या वाट्याच्या जागेत बांधतेय.”

“कोणाकडे आहे?”

नेलिदा साहेबांकडे बघत राहिली.

“मूर्खपणा आहे हा,” ओलास्कोआगा म्हणाले. “हिनेच रविवारी येऊन फाइल दुरुस्त केली असेल.”

“मग आज सकाळी बांधलेला एडिटर कोसळला का?” इर्माचा आवाज चढला. “दुरुस्ती रविवारची असती तर तो सकाळीच नीट चालला असता. दुरुस्ती आजची, तारीख रविवारची. म्हणजे आज दुपारी या मशीनमध्ये काही वेळ रविवार होता! माझा फोन आला आणि तुमच्या पायाखालची वाळू सरकली. सगळे जेवायला गेले असं समजून तुम्ही घड्याळ मागे नेलंत, सूचना लिहिलीत, घड्याळ पुन्हा पुढे आणलंत. पण तेवढ्यात मागच्या खोलीत ही बाई आपली फाइल सेव्ह करत होती. तुमच्या खोट्या रविवारात तीही अडकली.”

“जुनं मशीन आहे. चुकतं कधीकधी.”

“मघाशी तर म्हणालात, मशीन खोटं बोलत नाही!”

ओलास्कोआगांनी टाय सैल केला. मग पुटपुटले, “वादळ वळेल असं वाटलं होतं. उगाच सूचना दिली की सगळे हसतात.”

हसतात! एवढ्यासाठी तीन माणसं पाण्यात गेली, आणि चौथ्याला हा गृहस्थ तुरुंगात घालायला निघाला होता. इर्माने बाहेर उभ्या पोलीस शिपायाला हाक मारली.

“आता सेव्ह करू का?” नेलिदाने विचारलं.

“नाही. न्यायाधीशांनी बघेपर्यंत ती फाइल तशीच राहील. तुमचा एडिटर थांबला तर चालेल?”

“मरू दे एडिटर. राहू दे मोडका.”

तेहेराने थर्मास उचलला. पहिला पेला त्याने इर्माला दिला. तो परत आल्यावर पुन्हा भरून नेलिदाला. मग तिसऱ्यांदा भरला.

नकळत ओलास्कोआगांनी हात पुढे केला.

तेहेराने त्या हाताकडे पाहिलं. मग पेला खिडकीतल्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. त्याचा मेहुणा दर शनिवारी तिथेच येऊन बसायचा.