आतला पेशंट

कानाच्या दवाखान्यात त्याला सगळे गवई म्हणत. नाव चेष्टेत पडलं होतं, पण असं चिकटलं की हजेरीच्या वहीबाहेर त्याला दुसरं नाव उरलं नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा गवई लोकांचे कान तपासायचा आणि शनिवार-रविवार गिटार पाठीला लावून कुठल्याशा कॅफेच्या कोपऱ्यात, नाहीतर पुस्तकांच्या दुकानात स्वतःची गाणी म्हणायचा. ऐकायला पंधरा माणसं, त्यातली आठ आपल्या कपात बघणारी. बायको म्हणायची, "दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहेस, पोहता तरी येतं का?" तो हसून सोडून द्यायचा. पण नऊ वर्षांच्या या कसरतीनंतर यंदा त्याला एक खरंखुरं सभागृह मिळालं होतं. लहानसंच, पण अंधार करता येणारं. दोन तास फक्त त्याची गाणी, साथीला कुणी नाही. त्या शनिवारला अजून जवळजवळ चार आठवडे होते.

आणि नेमकं तेव्हाच, गिटारची सगळ्यात बारीक तार त्याला ऐकू येईनाशी झाली.

आधी वाटलं, तारच खराब झाली. नवी चढवली. छेडली की बोटाला तिची थरथर कळत होती, पण कानापर्यंत काही पोचत नव्हतं. मग एकदा चहाची किटली शिट्टी वाजवून वाजवून कोरडी झाली आणि हा शेजारीच उभा. "कानात बोळे घातलेत की काय?" बायको ओरडली. तेही त्याला अर्धंच कळलं. त्या दिवशी तो खरोखर घाबरला.

दवाखान्यात एक रिवाज होता. रोज पहिला पेशंट येण्याआधी यंत्र नीट चाललंय का ते बघायला गवईनंच तपासणीच्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचे आणि बारीक शिट्टी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की बाहेर यंत्रावर हिरवा दिवा लागे आणि शेवटी कागदावर आलेख उमटे. त्याचे कान दवाखान्यात सगळ्यांत तिखट, म्हणून यंत्राची परीक्षा त्याच्या कानांवर. त्याच्या कानांची परीक्षा घ्यायला मात्र कुणीच नव्हतं. त्यामुळे दोन आठवडे त्यानं सरळ जुने आलेख वहीत चिकटवले आणि वेळ मारून नेली. डॉक्टरीणबाईंना सांगायचं तर नोकरी जाणार, आणि मग सभागृह कसलं न् गाणं कसलं.

ती खोली म्हणजे एका माणसापुरती पेटी. भिंतींना जाड करडा फोम, जड दार, एक काच, एक स्टूल. दार लावलं की बाहेरचं जग पुसलं जाई आणि फोमचा जुना, कोंदट वास तेवढा उरे. त्या मंगळवारी सकाळी त्यानं यंत्र आपोआप चालेल असं लावून ठेवलं आणि आत जाऊन बसला. वाट बघत राहिला. शिट्ट्या वाजत असणार, पण त्याला एकही ऐकू आली नाही. बटण मांडीवर पडलेलं, त्यावर अंगठासुद्धा नव्हता. डोळे मिटून तो नुसता बसून राहिला. रडू यायच्या बेतात होतं.

बाहेर आला तर आलेख तयार होता. अगदी निर्दोष. दहा वर्षांपूर्वी त्याचे कान जसे होते तसा.

यंत्र बिघडलं, तो मनाशी म्हणाला. खात्री करायला त्यानं हेडफोन खुंटीला अडकवले, बटण स्टुलावर ठेवलं, दार बाहेरून लावलं आणि यंत्र सुरू केलं. दिवा लागला. विझला. प्रत्येक शिट्टीला एकदा, न चुकता. त्यानं आवाज कमी केला, आणखी कमी केला, माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतका खाली नेला. तरी दिवा लागतच होता. काचेतून रिकामं स्टूल दिसत होतं. आत जाऊन त्यानं स्टुलावर हात ठेवला, तर ते कोमट होतं.

शहाणा माणूस तिथेच कानाला खडा लावून बाहेर पडला असता. पण गवईच्या डोक्यात तो शनिवार बसला होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, तो गिटार घेऊन त्या खोलीत शिरला. बटण स्टुलावर ठेवलं, स्वतः जमिनीवर बसला. काचेतून यंत्राचा दिवा दिसत होता. त्यानं बारीक तारेची खुंटी पिळली, तार छेडली. दिवा विझलेला. आणखी जरा पिळली. विझलेलाच. केसभर आणखी... आणि दिवा लागला.

"सुरात आहे?" त्यानं विचारलं.

दिवा पुन्हा लागला.

त्याच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसंही वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याचं मन लावून ऐकत होतं. तो तिथेच पुटपुटला, "शनिवारपर्यंत... फक्त शनिवारपर्यंत माझ्यासाठी ऐक."

दिवा लागला आणि खूप वेळ विझलाच नाही.

त्यानंतर रोज सुट्टीत तालीम. चुकलेला सूर दिवा दाखवायचा, हा सुधारायचा. पण दर दिवशी खोलीतून बाहेर आल्यावर जग थोडं आणखी मुकं झालेलं असे. आधी पक्षी गेले. मग पावलं, नळाचं पाणी, रस्त्यावरचे हॉर्न. सोमवारी बायकोचा आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. ती खुशीत होती. "सकाळी आंघोळ करताना काय सुंदर गात होतास रे! इतकं मोकळं तू कधी गायलाच नाहीस."

सकाळी तो नुसता दाढी करायला उभा राहिला होता. गायला नव्हता. पण तिचा चेहरा इतका फुललेला होता, की "मी नव्हतो" म्हणायचं सोडून तो तिच्याबरोबर हसला.

गुरुवारी सकाळी तो उठला तेव्हा काहीच उरलं नव्हतं. स्वतःचा खोकलासुद्धा नाही. मग मात्र त्याचा धीर सुटला. सभागृह गेलं चुलीत, कान परत हवेत, एवढंच त्याला कळत होतं. दवाखान्यात पोचताच तो डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला आणि सगळं कबूल केलं, जुने आलेख, ती खोली, तो दिवा. आपण किती मोठ्यानं बोलतोय याचाही अंदाज त्याला येत नव्हता.

बाई वयानं मोठ्या होत्या, नऊ वर्षं त्याला अरे-तुरे करत आलेल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय रे गवई, वेडा आहेस का? चल, मी बघते." इतकी वर्षं बहिऱ्या पेशंटांशी बोलून ओठ वाचायला तो शिकला होता, म्हणून समजलं.

त्याला आत बसवून त्यांनी दार लावलं आणि काचेपलीकडे यंत्रापाशी बसल्या. आतलं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून खोलीत एक छोटा माईक होता. त्याचा हेडफोन त्यांनी कानाला लावला. गवईनं बटण मुद्दाम जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर धरले, त्यांना दिसावेत म्हणून.

दिवा लागू लागला. बाई मान डोलावत होत्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं, थांबल्या आणि हसल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबल्या. त्या कुणाचं तरी उत्तर ऐकत होत्या.

"मी बोलत नाहीये!" तो ओरडला. "बाई, मी नाहीये तो!"

बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे ओठ हलले, "म्हण ना एखादं." मग त्या मागे टेकून बसल्या. हळूहळू त्यांची बोटं टेबलावर ताल धरू लागली. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि काहीतरी म्हणाल्या. ते त्याला स्पष्ट वाचता आलं. "हे नवीन आहे का? याआधी नाही ऐकलं."

त्यानं दार ढकललं आणि धडपडत बाहेर आला. बाईंचा दंड धरून त्यांना हलवलं. त्यांनी मान वळवली. वैतागलेली, पण सभ्य नजर, अनोळखी माणसाला द्यावी तशी. कानावरचा हेडफोन न काढता त्यांनी बाहेरच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

"अहो, बसा जरा बाहेर... आत पेशंट आहे."

मागे वळून काचेतून आत बघायची त्याची छाती झाली नाही. भिंतीचा आधार घेत तो बाहेरच्या बाकापर्यंत गेला. तिथे पाच-सहा म्हातारी माणसं आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. कडेचे आजोबा त्याच्या चांगल्या ओळखीचे. दोन्ही कान पार गेलेले, कानातल्या यंत्राशिवाय ढोल वाजला तरी कळायचा नाही. त्यांचं यंत्र दुरुस्तीला म्हणून सुटं करून रुमालात बांधलेलं, मांडीवर होतं.

आजोबांनी डोळे मिटले होते. त्यांची मान डोलत होती आणि पाय जमिनीवर ठेका धरत होता. शेजारच्या आजींचाही. त्यांच्या पलीकडच्यांचाही. सगळ्यांचे पाय एकदम उचलले जात होते, एकदम टेकत होते. आणि त्या सगळ्या बाकावर ऐकू न येणारा तो एकटाच होता.