ठकूबाईंची बरणी

यमुना भांगरे यांचं पत्र मी तीन वर्षं एका जाड पुस्तकात दडवून ठेवलं होतं. पत्र लहानच होतं. 'माझ्या आईनं, ठकूबाईनं, तुमच्या बीजघरात मोरसाळ भाताचं बियाणं ठेवलं होतं. आमच्याकडचं संपलं. आई आता थकलीय. तिला तो भात एकदा शेतात डोलताना बघायचाय. तुमच्याकडे आहे का?'

उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढंच द्यायचं होतं. मी वहीत ठकूबाईंचं पान उघडलं. तिथे माझ्याच अक्षरात होतं : 'बरणी ३१, मोरसाळ. रिकामी.' बियाणं मीच वाटून संपवलं होतं. हे त्या माऊलीला कोणत्या तोंडानं कळवायचं? मी पत्र मिटलं आणि पुस्तकही.

२०४६च्या उन्हाळ्यात माझी अकरा वर्षांची नात शाल्मली सुट्टीला आली. तिनं नेमकं तेच पुस्तक काढलं.

"आबा, यात पत्र आहे."

"वाचलंस?"

"पाकीट उघडंच होतं." तिनं माझ्याकडे बघितलं. "कोपऱ्यात तुम्ही 'बरणी ३१ रिकामी' असं लिहिलंय. पण बरणी रिकामी म्हणजे बियाणं संपलं, असं कशावरून?"

मी पुस्तक परत फळीवर ठेवू लागलो. बीजघरातला यंत्रमानव टिप्या बरण्या पुसत होता. तो म्हणाला, "आबांना विचारलेले प्रश्न तीन वर्षांनी पिकतात."

"तू गप्प बस आणि वही वाच," शाल्मली म्हणाली.

आमच्या बीजघराची रीत सांगायला हवी. एक मापटं बियाणं न्यायचं आणि पीक आलं की दोन मापटी परत आणायची. परत आलेलं बियाणं नव्या बरणीत भरायचं. ती बरणी आणणाऱ्याच्या नावानं ओळखायची, म्हणजे त्याचा मान राहतो. वहीतही माणसागणिक एक पान. अशी नऊशे पानं.

"इथेच घोटाळा आहे," शाल्मली म्हणाली. "तुम्ही माणूस, बियाणं आणि बरणी यांची एकाच पानावर खिचडी केलीत. आम्हाला शाळेत डेटाबेस (माहितीचा नीट रचलेला साठा) शिकवला. त्यात एका तक्त्यात एकाच प्रकारच्या गोष्टी ठेवायच्या."

तिनं आपल्या इलेक्ट्रॉनिक पाटीच्या पडद्यावर तीन तक्ते आखले. पहिला माणसांचा : नाव, गाव. दुसरा बियाण्यांचा : नाव, किती दिवसांत पिकतं. तिसरा बरण्यांचा : वर्ष, भरलेली की रिकामी. प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक दिला, दुसऱ्या कुणाचाही नसेल असा.

"नाव पुरे नाही का?" मी विचारलं.

"तुमच्या वहीत सोनू नावाचे किती आहेत?"

"अकरा," टिप्या म्हणाला.

"म्हणून क्रमांक. आणि बरणीच्या ओळीत माणसाचं नाव-गाव पुन्हा लिहायचं नाही. नुसता त्याचा क्रमांक आणि बियाण्याचा क्रमांक. एखाद्या सोनूनं गाव बदललं तर एकाच जागी खोडायचं. वहीत किती जागी खोडावं लागेल?"

मी खोडलं होतं काही ठिकाणी. काही ठिकाणी राहिलं होतं.

टिप्या वही वाचू लागला. माझ्या अक्षराबद्दल अधूनमधून तक्रार करत त्यानं दुपारपर्यंत तक्ते भरले. फक्त काही घरं मोकळी राहिली.

"बरणी २१४मध्ये कोणतं बियाणं?" त्यानं विचारलं. "सोनू लोहकरे यांच्या पानावर एवढंच आहे : 'नेलं, बरणी ३१मधून. परत आणलं, बरणी २१४.' बियाण्याचं नाव नाही."

शाल्मली सावकाश म्हणाली, "३१मध्ये काय होतं?"

मोकळ्या घरात टिप्यानं मोरसाळीचा क्रमांक भरला.

"आता प्रश्न नीट विचारू," शाल्मली म्हणाली. "याला क्वेरी (साठ्याला विचारलेला नेमका प्रश्न) म्हणतात. कोणत्या तक्त्यांतून, काय हवं, कोणत्या अटीवर, ते सांगायचं. टिप्या, बियाण्यांच्या तक्त्यात मोरसाळीचा क्रमांक बघ. तोच क्रमांक बरण्यांच्या तक्त्यात जिथे असेल त्या ओळी घे. त्यातल्या रिकाम्या सोड. उरलेल्या ओळींतल्या माणसाच्या क्रमांकावरून नाव आण."

"म्हणजे तिन्ही तक्ते जोडायचे," टिप्या म्हणाला आणि पडद्यावर एकच ओळ उमटली.

'मोरसाळ. बरणी २१४. सोनू लोहकरे. भरलेली.'

मी खुर्चीत बसलो. तीन वर्षं मी फक्त ठकूबाईंचं पान बघत होतो. उत्तर चारशे पानं पुढे, दुसऱ्याच्या नावाखाली, माझ्याच अक्षरात होतं.

"पण बी जिवंत असेल का?" माझी शंका काही जाईना. बरणी थंड खोलीत होती, तरी आठ वर्षं झाली होती. आम्ही दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. त्या दिवसांत मी धड जेवलो नाही. पाचव्या दिवशी शाल्मलीनं फडकं उलगडलं. आठ दाण्यांना पांढरे कोंब होते.

"रडताय का आबा?"

"चष्मा पुसतोय."

मी पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर आधी उशिराबद्दल माफी मागितली आणि खरं कारण लिहिलं. मग लिहिलं : 'मोरसाळ आहे. एक मापटं पाठवतो आहे. पेरणीला वेळ आहे. पीक आलं की दोन मापटी परत आणा, आणि जमलं तर आईंना सोबत आणा.'

बरण्यांच्या तक्त्यात शाल्मलीनं एक नवी ओळ आधीच उघडली होती. बियाण्याचा क्रमांक भरलेला, माणसाच्या घरात यमुनाबाईंचा क्रमांक, आणि वर्षाचं घर मोकळं.

"हे त्या आल्या की भरू," ती म्हणाली.

टपाल कार्यालयातल्या बाईंनी पुडकं तोललं, त्यावर शिक्का मारला आणि मागच्या पेटीत टाकलं. शाल्मलीनं माझं बोट धरलं होतं. बाहेर आल्यावर कळलं, तीन वर्षांत पहिल्यांदाच माझा खिसा हलका वाटत होता. पत्र तिथे कधी नव्हतंच, तरीही.