तिसरीच्या हातातली कात्री

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. माझ्या मामेबहिणीच्या, श्रद्धाच्या दुकानात घडलेलं जसंच्या तसं सांगतोय. रहाटणीत. गेल्या डिसेंबरात. आणि भर दुपारी. भुतंखेतं रात्रीचीच येतात असं कुणी सांगितलं?

श्रद्धाचं फॉल-पिकोचं दुकान आहे. नवरा धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत ड्रायव्हर. तिथला परदेशी साहेब मायदेशी परतताना त्याच्या दोन्ही ड्रायव्हरांना एकेक फुलदाणी देऊन गेला. त्याच्या पणजीच्या काळातली जोडी. पांढरीशुभ्र चिनीमाती, वर रंगवलेल्या तीन बाया. एक सूत काततेय, दुसरी मोजतेय, तिसरीच्या हातात उघडी कात्री. तिघींमधून गेलेला सोनेरी दोरा.

"साहेब म्हणाला, दोरा म्हणजे माणसाचं आयुष्य. आणि या तिघी म्हणजे नशीब," धम्मरत्न हसत म्हणाला.

"नशीब कसलं डोंबलाचं? टेलर बाया आहेत चांगल्या," म्हणत श्रद्धाने फुलदाणी मशीनशेजारी ठेवली.

मग दुसरा ड्रायव्हर, धनेश, जेवता जेवता गेला. तिशीतला धडधाकट माणूस.

त्याची बायको वर्षाली रडत म्हणाली, "वहिनी, आमच्या फुलदाणीवरची कात्री मिटलीय... दोरा तुटलाय. आधी नव्हता ओ तुटलेला."

दुःखात माणसाला काहीही दिसतं, असं श्रद्धाला वाटलं.

पुढच्या गुरुवारी नेहमीसारखी लाइट गेली. मशीन थांबली. गल्लीही गप्प झाली.

आणि...

कच्च.

श्रद्धाची कात्री तर तिच्या मांडीवर होती.

तिने फुलदाणीकडे पाहिलं. तिसरीची कात्री अर्धी मिटली होती... पाती दोऱ्याला टेकलेली.

धम्मरत्न तेव्हा तळेगाव-चाकण रस्त्यावर गाडीत होता. तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली...

कच्च.

श्रद्धा घाबरली. पण त्याहून जास्त चिडली.

"नशीब सांगूनच माझ्या आज्याला गावकुसाबाहेर बसवलं होतं," ती त्या बाईला म्हणाली. "त्याने नाही जुमानलं. तू कोण लागून गेलीस?"

तिने रिळातला पिवळा दोरा ओढला, फुलदाणीभोवती गुंडाळला, दातांनी ओढून गाठ मारली.

कच्च. दोरा तुटून खाली पडला.

तिने पुन्हा बांधला.

पुन्हा तुटला. पुन्हा बांधला. बोटं कापली, दोरा रक्ताने भिजला.

"काप. तू दमशील, मी नाही!"

लाइट आली. फोन वाजला.

"अगं, कंटेनर उलटला अंगावर," धम्मरत्न म्हणाला. "गाडीचा चेंदामेंदा झाला. मला खरचटलंसुद्धा नाही. सीटबेल्ट असा करकचून आवळला... कुणी गाठच मारली जणू."

फुलदाणी अजून तिथेच आहे. फेकून का देत नाहीस, मी विचारलं.

"आणि दुसऱ्या कुणाच्या घरी गेली तर?"

मी डोळ्यांनी पाहिलंय. चिनीमातीच्या चकाकीखाली त्या सोनेरी दोऱ्याला आता गाठ आहे. श्रद्धा मारते तशीच. गाठीवर तांबूस डाग.

आणि त्या तिघी आता दोऱ्याकडे बघत नाहीत. श्रद्धाकडे बघतात.

मला तिथे बसवत नाही. गुरुवारी तर नाहीच. लाइट गेली की अजून आवाज येतो...

कच्च.

श्रद्धा मान वर न करता नवं रीळ काढते.